कुमारीचे घर बांधणारा राजा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, आणि त्या नऊ दिवसांत केव्हातरी शेजारपाजारच्या लहान मुली पाटावर येऊन बसतात. त्यांचे पाय धुवावयाचे, कपाळी कुंकू लावावयाचे, खीरपुरीचे जेवण घालावयाचे, केसांत गजरा माळून हातात दक्षिणा ठेवावयाची, असा हा कुमारिकापूजनाचा कुळाचार महाराष्ट्रातील कितीतरी घरांत चालत आलेला आहे. देवीभागवतात दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतच्या कन्यांना वयाच्या क्रमाने कुमारिका, त्रिमूर्ती, कल्याणी, रोहिणी, कालिका, चंडिका, शांभवी, दुर्गा आणि सुभद्रा अशी नऊ नावे सांगितली आहेत. पूजा आटोपली की या नऊ दुर्गा दक्षिणेचे पैसे मुठीत धरून अंगणात पळतात. घरातली वडीलधारी माणसे ज्यांच्या पायांवर मस्तक ठेवतात, त्याच मुली घटकाभराने सागरगोट्यांसाठी भांडत असतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

हिमालयाच्या कुशीत, बागमती आणि विष्णुमती या नद्यांच्या काठी वसलेल्या काठमांडू नगरीत मात्र अशी एक कुमारिका आहे की, जिचे देवीपण घटकाभराचे नसते. तीन-चार वर्षांच्या वयात तिची निवड होते, आणि ऋतुप्राप्तीचा काळ येईपर्यंत ती एका तीन मजली, लाल विटांच्या, कोरीव खिडक्यांच्या घरात साक्षात तलेजू भवानी म्हणून राहते. तिचे पाय उघड्या भूमीला लागू देत नाहीत. शतकानुशतके नेपाळचे राजे वर्षातून एकदा तिच्यापुढे गुडघे टेकून तिच्या हातचा टिळा घेत आले. ते घर इसवी सन १७५७ मध्ये, म्हणजे नेपाळ संवत ८७७ मध्ये, कांतिपूरचा राजा जयप्रकाश मल्ल याने बांधविले. मल्ल घराण्याचा तो कांतिपूरचा शेवटचा राजा. नवरात्राच्या निमित्ताने आज त्याचे चरित्र भाविक वाचकांपुढे ठेवीत आहे.

आम्हां कीर्तनकारांना राजांची आख्याने नवी नाहीत. हरिश्चंद्र, मयूरध्वज, अंबरीष यांची आख्याने लावीतच आमचे आयुष्य गेले. त्या सर्व आख्यानांत देव भक्ताला सत्त्वपरीक्षेच्या कड्यावर नेतो आणि शेवटी हात देऊन वर काढतो. राज्य परत मिळते, पुत्र उठून बसतो, श्रोते डोळे पुसतात आणि आरतीची तयारी होते. जयप्रकाशाच्या चरित्राला असा उत्तररंग नाही. काही वर्षांपूर्वी एका गावी नवरात्रात मी हे आख्यान लावले आणि राजाला पूर्वदोषाचे फळ मिळाले असे सांगून ते संपविले. आरती झाल्यावर एक वृद्ध आजी काठी टेकीत व्यासपीठाजवळ आल्या. राजाचा दोष एवढा मोठा होता तर देवीने त्याचे घर राहावयास का घेतले, आणि घर घेतले होते तर त्याच्या वैऱ्याला कुंकू का लावले, एवढे त्यांनी विचारले. मी तेव्हा प्रारब्धाचा आधार घेऊन काहीतरी उत्तर दिले. आजींनी ते मान खाली घालून ऐकले. मला स्वतःला ते पटलेले नव्हते. त्या दिवसानंतर मी हे आख्यान पुन्हा लावले नाही. आज लिहिताना वंशावळी आणि इतिहास जे सांगतात तेच क्रमाने सांगावे, असे योजिले आहे.

तलेजूची परंपरा

नेपाळच्या खोऱ्यात मल्ल राजांची सत्ता सुमारे साडेपाचशे वर्षे होती. यक्ष मल्लाच्या मृत्यूनंतर, इसवी सन १४८२ नंतरच्या काळात, एका राज्याची तीन राज्ये झाली: कांतिपूर म्हणजे आजचे काठमांडू, ललितपूर म्हणजे पाटण, आणि भक्तपूर. ही तिन्ही नगरे एकमेकांपासून इतकी जवळ की सकाळी निघालेला पांथस्थ दुपारच्या जेवणास दुसऱ्या राजधानीत पोहोचावा. तिन्ही राजे एका रक्ताचे, एका भाषेचे आणि एका कुलदेवतेचे उपासक. आणि तिघांचे एकमेकांशी हाडवैर. एकाने मंदिराला सोन्याचा कळस चढविला की दुसरा त्याहून उंच मंदिर बांधावयास काढी. या चढाओढीतून ते खोरे देवळांनी भरून गेले, हा तिचा एक चांगला परिणाम म्हणावयाचा.

कुलदेवता तलेजू. तिला तुलजा भवानी असेही म्हणतात, आणि हे नाव ऐकताच मराठी माणसाचा हात आपोआप जोडला जातो. नेपाळी परंपरा असे सांगते की, मिथिलेतील सिम्रौनगढचा राजा हरिसिंहदेव याच्या घराण्याबरोबर ही देवी खोऱ्यात आली. इसवी सन १३२४ च्या सुमारास घियासुद्दीन तुघलकाच्या सैन्याने सिम्रौनगढ उद्ध्वस्त केल्यावर हरिसिंहदेव पहाडाकडे निघाला व वाटेतच वारला. त्याच्या राणीला, देवलदेवीला, भक्तपूरच्या दरबारात आश्रय मिळाला. हे घराणे मूळचे कर्नाटकातून उत्तरेस गेलेले होते, आणि त्याच्या मूळ पुरुषाने, नान्यदेवाने, १०९७ मध्ये तिकडे राज्य स्थापिले होते. तलेजू आणि आपली तुळजा यांच्या नावांतील साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यावरून याहून मोठा निष्कर्ष काढण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु तुळजापुरास जाणाऱ्या भाविकाने हे मनात बाळगावयास काही हरकत नसावी.

कांतिपूरचे तलेजूचे उत्तुंग मंदिर महेंद्र मल्लाने १५६४ मध्ये बांधविले. आजही ते सर्वसामान्यांसाठी वर्षातून एकदाच, महानवमीस, उघडते. या देवीचा मंत्र राजा आपल्या उत्तराधिकाऱ्यास देई. ज्याच्या कानी तो पडला तोच खरा राजा, अशी समजूत होती.

आणि ही देवी राजाला प्रत्यक्ष भेटत असे. रात्री एकांतात येऊन ती राजाबरोबर त्रिपासा, म्हणजे फाशांचा खेळ, खेळत असे, आणि खेळता खेळता राज्यकारभाराचा सल्ला देत असे, अशी कथा आहे. एका रात्री देवीचे रूप पाहून राजाच्या मनात पाप आले. देवी सर्वज्ञ, ती तत्क्षणी अंतर्धान पावली. राजाने अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा स्वप्नात येऊन तिने सांगितले की यापुढे ती त्याला या रूपात दिसणार नाही. शाक्य कुळातील एका लहान मुलीच्या ठिकाणी ती वास करील, तिथेच त्याने तिची पूजा करावी. पुष्कळ ठिकाणी ही कथा जयप्रकाशाच्याच नावावर सांगतात. काहीजण ती भक्तपूरच्या त्रैलोक्य मल्लाची म्हणून सांगतात, आणि तो तर जयप्रकाशाच्या दीडदोनशे वर्षे आधीचा. कुमारीची पूजाही खोऱ्यात जयप्रकाशाच्या कित्येक पिढ्या आधीपासून होती. तेव्हा पापी दृष्टीचा आरोप या एकट्या राजाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. मीही त्या कीर्तनात तेच केले होते, हे इथे कबूल करतो.

दुसरी एक कथा केवळ त्याचीच आहे. कोण्या मुलीच्या अंगी देवीचा संचार झाला असे लोक म्हणू लागले. राजाचा विश्वास बसला नाही आणि त्याने तिला नगराबाहेर घालविले. त्याच रात्री राणीच्या अंगात येऊ लागले, आणि देवी आता आपल्या ठायी आली आहे असे ती बोलू लागली. राजा घाबरला. त्याने त्या मुलीला सन्मानाने परत आणिले आणि तिच्यासाठी घर बांधावयाचे ठरविले. या कथेतला संशयी, उतावळा, आणि चूक कळताच सर्वस्व ओतणारा माणूस इतिहासातल्या जयप्रकाशाशी पुष्कळ जुळतो.

वैऱ्यांनी वेढलेले सिंहासन

जगज्जय मल्लाच्या मागून १७३६ च्या सुमारास जयप्रकाश गादीवर आला, तेव्हापासून त्याला स्वस्थ झोप मिळाली नाही. दरबारातील मानकऱ्यांना त्याचा धाकटा भाऊ राज्यप्रकाश गादीवर हवा होता. जयप्रकाशाने त्याला हाकलून दिले. तो पाटणच्या आश्रयास गेला आणि पुढे दैवयोगाने तिथला राजा झाला. परंतु पाटणच्या प्रधानांनी त्या सौम्य स्वभावाच्या राजाचे डोळे काढले. दुसऱ्या एका भावाला, नरेंद्रप्रकाशाला, मानकऱ्यांनी देवपाटण येथे काही महिने राजा म्हणून मिरविले. जयप्रकाशाने तेही बंड मोडले. ज्याच्यावर विश्वास ठेवावा तोच उलटतो हे पाहून त्याचा स्वभाव अधिकाधिक कठोर होत गेला, आणि स्वभाव कठोर होत गेला तसे उलटणारे वाढले.

पश्चिमेस गोरखा नावाचे लहानसे पहाडी राज्य होते. तिथे १७४३ मध्ये पृथ्वीनारायण शाह गादीवर आला. तरुणपणी तो काही काळ भक्तपूरच्या दरबारात राहून गेला होता. खोऱ्याची संपत्ती आणि तिन्ही राजांचे वैर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. गादीवर आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १७४४ मध्ये, त्याने नुवाकोट घेतले. तिबेटकडे जाणारा व्यापाराचा मार्ग या ठाण्यावरून जात असे. कांतिपूरचे वैभव त्या व्यापारावर आणि तिबेटासाठी पाडलेल्या नाण्यांवर उभे होते. नुवाकोट गेले आणि राज्याची नाडी शत्रूच्या हाती लागली.

या अपयशाचे निमित्त घरातल्या वैऱ्यांना पुरले. १७४६ मध्ये मानकऱ्यांनी राणी दयावतीला हाताशी धरून जयप्रकाशाला पदच्युत केले व त्याच्या अल्पवयी पुत्राला, ज्योतिप्रकाशाला, गादीवर बसविले. स्वतःच्या पत्नीने आणि स्वतःच्या पुत्राच्या नावाने राज्याबाहेर काढलेला राजा चार वर्षे खोऱ्यात भटकत राहिला. पाटण, भक्तपूर, गोदावरी, गोकर्ण असे करीत तो गुह्येश्वरीच्या ठाण्यावर येऊन राहिला. पशुपतिनाथाच्या जवळच, बागमतीच्या काठी हे शक्तिपीठ आहे. तिथे देवीच्या एका उपासकाने त्याच्या हाती खड्ग दिले, आणि त्या खड्गाच्या बळावर विरोधी सैन्याला मागे सारून त्याने १७५० मध्ये कांतिपूर परत मिळविले, असे वंशावळ सांगते. राणीला त्याने बंदीत टाकिले. ज्यांनी कट केला त्यांना त्याने क्षमा केली नाही.

त्याच्या आयुष्यात देवीने राज्य परत दिल्याचा हा एक प्रसंग आहे. आख्यान लावणाऱ्याला इथेच थांबता आले असते. पण पुढची अठरा वर्षे अजून उरली होती.

१७५७

या वर्षी जयप्रकाशाने कुमारीचे घर बांधून पुरे केले. बसंतपूरच्या चौकात, हनुमान ढोका नावाच्या राजवाड्यासमोर हे घर आहे. नेवार बौद्धांच्या विहारासारखी त्याची रचना आहे; मध्ये चौक, चारी बाजूंस मजले. खिडक्यांच्या लाकडी चौकटींवर मोर, देवता आणि वेलबुट्टी अशी कोरली आहे की लाकडाला वाचा फुटावी. दर्शनार्थी चौकात उभे राहतात आणि कुमारी वरच्या खिडकीत क्षणभर येऊन उभी राहते.

इथे आपल्याकडच्या भाविकांनी नीट लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. ज्या मुलीला हिंदू राजा आपली कुलदेवता भवानी म्हणून पूजितो ती मुलगी बौद्ध घरातील असते. काठमांडूची राजकुमारी शाक्य कुळांतून निवडतात. पाटणची कुमारी वज्राचार्य कुळातील असते. बौद्ध तिला वज्रदेवीच्या रूपात पाहतात. निवडीच्या वेळी वज्राचार्य, राजपुरोहित आणि तलेजूचे पुजारी एकत्र बसतात. मुलगी निरोगी असावी, अंगावर व्रण नसावा, रक्त सांडलेले नसावे, शंखासारखी मान, हरिणीसारख्या मांड्या अशी बत्तीस लक्षणे तिच्या ठायी असावीत, आणि तिची पत्रिका राजाच्या पत्रिकेशी जुळावी, असा दंडक होता. अंधाऱ्या खोलीत बळी दिलेल्या जनावरांच्या मुंडक्यांमध्ये तिला रात्रभर ठेवतात, ही कथा प्रवाशांनी फार पसरविली आहे. माजी कुमारींनी स्वतःच्या आठवणी सांगताना तिचा इन्कार केला आहे. निवड झाल्यावर लाल वस्त्रे, केसांचा उंच बुचडा, कानांपर्यंत ओढलेले काजळ आणि कपाळावर अग्निचक्षू, म्हणजे तिसरा डोळा, असा तिचा शृंगार होतो. पूजेच्या वेळी ती रडली, खदखदून हसली किंवा तिने डोळे चोळले तरी त्यातून शकुन काढतात. ती स्तब्ध बसली की इच्छा पूर्ण झाली असे मानून भक्त आनंदाने परततो. चार-पाच वर्षांच्या पोरीने तासन्‌तास स्तब्ध बसणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी नात आहे त्यांना सांगावयास नको.

याच वर्षी, भाद्रपदातल्या इंद्रजात्रेत कुमारीचा रथ नगरातून काढण्याची प्रथा जयप्रकाशाने घातली असे मानतात. पुढे गणेश आणि भैरव या रूपांत दोन लहान मुलगे आपापल्या रथांत बसतात, आणि मागून कुमारीचा रथ. पहिल्या दिवशी नगराच्या दक्षिण भागातून, दुसऱ्या दिवशी उत्तर भागातून रथ ओढतात. पहिला दिवस भाद्रपद शुद्ध चतुर्दशीचा. आपल्याकडे तीच अनंत चतुर्दशी. ही तिथी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आणि याच वर्षी, १७५७ मध्ये, गोरखाचे सैन्य कीर्तिपूरवर चालून आले. टेकडीवर वसलेले हे गाव म्हणजे खोऱ्याचा दरवाजा. जयप्रकाश स्वतः सैन्य घेऊन धावला. त्या युद्धात गोरखाचा पराभव झाला. त्यांचा प्रमुख सेनानी काळू पांडे मारला गेला, आणि पृथ्वीनारायण स्वतः कसाबसा निसटला. कुमारीच्या घराच्या नव्या भिंतींचा वास जात नाही तोच आलेला हा विजय नगरवासीयांनी कोणाचा मानला असेल हे सांगणे नलगे.

सुवर्णाचा हिशेब

परंतु गोरखाचा राजा एका पराभवाने थांबणारा नव्हता. त्याने खोऱ्याच्या भोवतालचे घाट एकामागून एक बंद केले. त्या काळी खोऱ्यात कॅपुचिन पंथाचे ख्रिस्ती पाद्री राहत असत. त्यांच्यापैकी फादर जुसेप्पे याने लिहून ठेविले आहे की, मीठ किंवा कापूस घेऊन खोऱ्यात शिरणाऱ्यांना पकडून वाटेवरच्या झाडांना फाशी देत असत. जयप्रकाशाच्या नावाची जावा नावाची चांदीची नाणी आजही संग्राहकांकडे आहेत. ती इतकी बारीक आहेत की फुंकरीने उडावीत. जगातल्या लहानात लहान नाण्यांत त्यांची गणना होते.

भाडोत्री सैन्याला वेतन देण्यास पैसा उरला नाही, तेव्हा जयप्रकाशाने देवळांकडे पाहिले. पशुपतिनाथाच्या भांडारातले द्रव्य त्याने काढले, आणि विजय मिळाला तर दुप्पट करून परत देईन असा संकल्प केला. त्याच्या निंदकांनी या एका गोष्टीवर त्याला नरकात घातला आहे. मला तसे म्हणवत नाही. देवाचे द्रव्य चैनीसाठी काढणारे राजे पुष्कळ झाले. नगराच्या रक्षणासाठी काढून वर दुप्पट देण्याचे ऋण पत्करणारा विरळा. तरी पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माझ्यासारख्याला हेही लपविता येत नाही की, देवाशी असा व्यवहार मांडला की मनातली श्रद्धा हळूहळू हिशेबाची वही होऊन बसते. जयप्रकाशाने देवीसाठी घर बांधले, रथ काढला, देवाचे ऋण काढले. या सर्वांच्या बदल्यात त्याला एकच वस्तू हवी होती, आणि ती त्याच्या हातून रोज थोडीथोडी सुटत होती.

कीर्तिपूरवर गोरखाने दुसरा हल्ला केला, तोही फसला. त्यात पृथ्वीनारायणाच्या भावाचा डोळा गेला. तिसऱ्या वेळी फितुरीने कीर्तिपूर पडले, आणि विजेत्याने तेथील लोकांची नाके कापविली. हे जुसेप्पेने प्रत्यक्ष पाहिलेल्यांपैकी एक म्हणून लिहिले आहे. शेवटचा उपाय म्हणून जयप्रकाशाने कलकत्त्याच्या इंग्रजांकडे मदत मागितली. १७६७ मध्ये कंपनीने कॅप्टन किनलॉकला सैन्य देऊन पाठविले. पावसाळा, हिवताप, अन्नाची टंचाई आणि सिंधुलीचा घाट यांनी त्या सैन्याची वाताहत केली. इकडे पुण्यात थोरले माधवराव राज्याची घडी बसवीत होते तो हा काळ.

अनंत चतुर्दशी

इसवी सन १७६८, सप्टेंबरची २५ तारीख. भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. कांतिपुरात इंद्रजात्रा ऐन रंगात होती. जयप्रकाशाने सुरू केलेला कुमारीचा रथ निघावयाचा होता, आणि देवीच्या टिळ्यासाठी राजाचे आसन मांडलेले होते. लोक उत्सवात आणि मद्यात दंग होते. त्या गर्दीत गोरखाचे सैन्य नगरात शिरले. फारसा प्रतिकार झाला नाही.

वंशावळ सांगते की, निघण्यापूर्वी जयप्रकाशाने तलेजूच्या मंदिराच्या पायऱ्यांवर बंदुकीची दारू पसरविली. पाठलाग करणाऱ्या गोरखा सैन्याचा एक सेनानी तिच्या स्फोटात मारला गेला. ज्या देवीचा मंत्र त्याच्या कानात होता तिच्याच पायऱ्यांवर त्याने दारू पसरावी, हा प्रसंग वाचताना मी दर वेळी थबकतो. तो देवीचा राग होता, की देवीच्या उंबरठ्यावर शत्रूने पाऊल ठेवू नये म्हणून केलेला अखेरचा पहारा होता? त्या रात्री त्याचे त्यालाही ठाऊक असेल असे वाटत नाही.

राजा मोजक्या लोकांनिशी पाटणकडे निघून गेला. पृथ्वीनारायणाने उत्सव थांबविला नाही. जात्रा चालू ठेवण्यास त्याने सांगितले आणि जयप्रकाशासाठी मांडलेल्या आसनावर तो बसला. कुमारीने त्याला प्रसाद दिला, टिळा लावला. नगराने त्याला राजा मानले.

ती मुलगी तेव्हा किती वर्षांची होती हे कोणी लिहिलेले नाही. समोर जो बसेल त्याला टिळा लावावयाचा एवढे तिला शिकविलेले असणार. त्या आजींच्या प्रश्नाचा विचार करताना माझे मन वारंवार या मुलीच्या बोटापाशी येते. भक्तांच्या दृष्टीने ते बोट भवानीचे होते. ज्या राजाने तिला घर दिले त्याची तिने त्या घटकेस आठवण काढली नाही, आणि जो नवा आला त्याच्याशी वैरही धरले नाही. आमच्या घरी कुमारिका जेवावयास येतात तेव्हा त्याही यजमानाचे कुळ-गोत्र विचारीत नाहीत. ज्याने ताट मांडले त्याच्याकडे त्या जेवतात.

छत्र आणि पादत्राण

पाटणही लवकरच पडले. तिथला राजा तेजनरसिंह मल्ल आणि जयप्रकाश दोघेही भक्तपूरच्या वृद्ध रणजित मल्लाकडे आश्रयास गेले. तिघांनी आयुष्यभर एकमेकांचे पाय ओढले होते. आता तिघेही एका भिंतीआड बसले. १७६९ च्या नोव्हेंबरात भक्तपूर पडले. त्या लढाईत जयप्रकाशाच्या पायाला गोळी लागली. शरण जाण्याची वेळ आली तेव्हाही तो लढत होता, हे त्याचे शत्रूही नाकारीत नाहीत.

रणजित मल्लाने काशीस जाण्याची अनुज्ञा मागितली, ती मिळाली. तेजनरसिंह अखेरपर्यंत कैदेत राहिला. जयप्रकाशाने मात्र पशुपतिनाथाच्या आर्यघाटावर नेण्याची विनंती केली. बागमतीच्या काठचा हा घाट म्हणजे नेपाळची मणिकर्णिका. पृथ्वीनारायणाने त्याला तिथे पाठविले आणि आणखी काय हवे ते विचारले. त्याने एक छत्री आणि जोड्यांचा एक जोड मागितला, असे सांगतात. मागणे क्षुल्लक, पण चतुर राजा ते ऐकून विचारात पडला. छत्र हे राजपदाचे चिन्ह, आणि पादत्राण ज्या भूमीवर चालते ती भूमी. मरणोन्मुख माणसाने दोन साध्या वस्तूंच्या मिषाने आपले राज्यच मागितले होते. ही लोककथा आहे. ज्याने ती रचली त्याने जयप्रकाशाला नीट ओळखले होते.

ज्या देवाच्या भांडाराचे ऋण डोक्यावर होते त्याच्याच दारी, आर्यघाटावर, जयप्रकाश मल्लाने प्राण सोडला. ते ऋण फिटले नाही.

पुढे शाह राजांनी मल्लांचे पुष्कळ काही मोडले. कुमारीला मात्र त्यांनी हात लावला नाही. जयप्रकाशाच्या वैऱ्याचे वंशज सुमारे २४० वर्षे दर इंद्रजात्रेस त्याच्याच देवीपुढे वाकत राहिले. २००८ मध्ये नेपाळात राजपद संपले. आता राष्ट्रपती टिळा घेतात. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने कुमारीला शिक्षणाचा, आरोग्याचा आणि बालपणाचा हक्क आहे असा निर्णय दिला. तिला घरी येऊन शिक्षक शिकवितात, ती परीक्षा देते. देवीपण उतरल्यावर निवृत्तिवेतन मिळते. माजी कुमारीशी विवाह करणारा अल्पायुषी होतो ही समजूत खोटी ठरली आहे. कित्येकींचे संसार सुखाचे झाले. मुलीला जमिनीवर पाय टेकू न देणारी ही प्रथा कितपत योग्य, असा प्रश्न तिकडच्या विचारी लोकांनीच उपस्थित केला आणि उत्तरही आपल्या परीने शोधले. दुरून निवाडा करणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

२०१५ च्या वैशाखात मोठा भूकंप झाला. बसंतपूरच्या चौकाभोवतीची देवळे कोसळली. काष्ठमंडप, ज्याच्या नावावरून काठमांडू हे नाव पडले, तोही भुईसपाट झाला. जयप्रकाशाने बांधलेले कुमारीचे घर किरकोळ हानी सोडता उभे राहिले. आत ती मुलगी सुखरूप होती.

अनंत चतुर्दशीस आपल्याकडे गणपती पाण्यात जातात. त्याच दिवशी दुपारी त्या घराच्या दारात पांढरे वस्त्र अंथरतात, आणि लाल वस्त्रांतील मुलीला रथात बसवितात.